शब्दांची काटछाट आणि स्विफ्टची तक्रार

शब्द तोडून बोलण्याची खोड ही भाषेच्या ऱ्हासाची खूण होय, असे मानणारा एक पक्ष प्रत्येक सुशिक्षित समाजात असतो. घरातील तरुण मंडळी 'फंडा', 'कॉम्बो' असे अर्धेमुर्धे इंग्रजी शब्द बोलू लागली, की हा पक्ष जागा होतो. आणि पूर्वीचे इंग्रजी कसे भरदार व नेटके होते, याची आठवण करून देऊ लागतो. या पक्षाचा कैवार सर्वांत समर्थपणे ज्याने घेतला, तो ग्रंथकार म्हणजे जोनाथन स्विफ्ट. त्याचा आक्षेप आज तीनशे वर्षांनंतर पुन्हा तपासून पाहिला, तर शब्दांच्या काटछाटीविषयी, तसेच एका इंग्रजीच्या पोटी निपजलेल्या अनेक इंग्रजींविषयी, पुष्कळ बोध होण्याजोगा आहे. म्हणून तो विषय आम्ही येथे घेतला आहे.

28 सप्टेंबर 1710 रोजी लंडनच्या 'टॅटलर' पत्राच्या 230व्या अंकात स्विफ्टने आपली तक्रार मांडली. त्या काळच्या शौकीन मंडळींच्या पत्रलेखनाचा एक नकली नमुना त्याने रचला आणि त्यातील व्यंगे एकेक करून दाखविली. लांब शब्दांचा पहिला अवयव तेवढा ठेवावयाचा व बाकीचा छाटून टाकावयाचा, ही रीत त्यास विशेष खटकली. 'पॉझिटिव्ह'चे 'पॉझ', 'फिझिऑग्नमी'चे 'फिझ', 'प्लेनिपोटेन्शियरी'चे 'प्लेनिपो' आणि या सर्वांवर कडी करणारा 'मॉब' हे त्याच्या रोषाचे विषय होते. 'मॉब'विरुद्ध आपण कित्येक वर्षे झगडलो, परंतु विरुद्ध बाजूच्या संख्याबळापुढे आपले काही चालले नाही, अशी कबुलीही त्याने दिली आहे. त्यातील विनोद त्यास अभिप्रेत होता की नाही, कोण जाणे. पण 'मॉब'शी मांडलेल्या लढाईत स्विफ्टला मॉबनेच हरविले, हे खरे.

स्विफ्टच्या आक्षेपास केवळ चिडखोरपणा समजणे अन्यायाचे होईल. 1712 साली ऑक्सफर्डच्या अर्लला उद्देशून लिहिलेल्या निबंधात त्याने इंग्रजी भाषेचे नियमन करणारे एक विद्वन्मंडळ नेमावे अशी सूचना केली. तिच्या मुळाशी एक गंभीर भीती होती. भाषा अशीच बदलत राहिली, तर आजचे उत्तम ग्रंथ शंभर वर्षांनी कोणास समजणार नाहीत, ही ती भीती. लेखकाच्या दृष्टीने याहून मोठे भय कोणते? परंतु स्विफ्टचे सारे लक्ष काळाकडे होते. स्थळाकडे त्याची दृष्टी गेली नाही. त्याच्या पश्चात इंग्रजी भाषा जहाजांत बसून पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांत गेली, आणि जे अर्धे शब्द त्यास नकोसे झाले होते त्यांनी प्रत्येक किनाऱ्यावर निराळा अर्थ धारण केला. शंभर वर्षांनी जे होईल असे त्यास वाटत होते, ते एकाच काळी, एकाच दिवशी, लंडन आणि सिडनी यांच्या दरम्यान घडू लागले.

'मॉब'चाच प्रवास पाहा. लॅटिनमधील 'मोबिले व्हल्गस' म्हणजे चंचल, वारा येईल तिकडे वळणारा जनसमूह. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी त्यातील 'व्हल्गस' टाकून दिला, मग 'मोबिले'ची शेपटीही तोडली, आणि 'मॉब' उरला. इंग्लंडात हा शब्द तुच्छतेचा आहे. रस्त्यात दंगा माजविणारी, शेंडाबुडखा नसलेली गर्दी असा त्याचा अर्थ. आपल्याकडील वृत्तपत्रांतही तो याच अर्थाने येतो. अमेरिकेत हाच शब्द संघटित गुन्हेगारांच्या टोळीस लागला. तेथील 'मॉब' ही सैरभैर गर्दी नव्हे; तीत हुकूम देणारा धनी असतो, हुकूम पाळणारे हस्तक असतात, हिशेब असतो आणि शिस्तही असते. जे लंडनमध्ये बेशिस्तीचे नाव, तेच अमेरिकेत एका भयंकर शिस्तीचे नाव झाले.

परंतु खरे नवल घडले ते ऑस्ट्रेलियात. 1788 साली तेथे इंग्रज कैद्यांची पहिली वसाहत झाली. पुढे कुरणे वाढली तेव्हा मेंढ्यांच्या, गुरांच्या आणि कांगारूंच्या कळपास तेथील लोक 'मॉब' म्हणू लागले. त्यात तिरस्कार नव्हता. गुराख्याचा तो रोजचा, साधा शब्द होता. हाच शब्द तेथील मूळच्या रहिवाशांनी उचलला, आणि त्याचा अर्थ केला 'आपली माणसे', म्हणजे आपले कूळ, आपला गोत, आपली भूमी ज्यांच्याशी वाटून घेतलेली आहे ते सारे. दोन अनोळखी मूलनिवासी भेटले, म्हणजे एक दुसऱ्यास त्याचा मॉब कोणता असे विचारतो. आपल्याकडे जुनी माणसे 'आपण कोणापैकी?' असे विचारीत, तोच हा प्रश्न. ज्यांचे देश गेले, ज्यांच्या कित्येक भाषा परक्यांच्या राज्यात मावळल्या, त्यांनी राज्यकर्त्यांच्या भाषेतील एक तिरस्काराचा तुकडा घेतला आणि त्यात आपले नाते साठविले. स्विफ्टने ज्याला भाषेचा कलंक मानले, त्या शब्दाला एवढी प्रतिष्ठा प्राप्त होईल हे कोणत्याही विद्वन्मंडळास कल्पिता आले नसते.

असे का होते? आमच्या मते त्याचे कारण काटछाटीच्या स्वरूपातच आहे. पूर्ण शब्द आपला अर्थ आपल्याबरोबर घेऊन फिरतो; त्याचे अवयव पाहून परकाही थोडाफार अंदाज बांधू शकतो. तोडलेल्या शब्दातून मात्र अर्थ सांगणारा भागच पुष्कळदा गळालेला असतो. जो भाग गळाला तो ऐकणाऱ्याने आपल्या पदरचा घालावयाचा असतो, आणि ऐकणारा तो घालतो आपल्या घरातून, आपल्या गावातून, आपल्या धंद्यातून. म्हणून अर्धा शब्द हा नेहमी घरचा शब्द असतो. घर बदलले की त्याचा उरलेला अर्धा बदलतो.

काही उदाहरणे घेतल्यास हे स्पष्ट होईल. 'व्हेट' म्हटले की इंग्रजास गुरांचा डॉक्टर आठवतो. अमेरिकनास तोही आठवतो, परंतु त्याबरोबरच 'व्हेटरन', म्हणजे युद्धावरून परतलेला शिपाई, आठवतो. 'प्रॉमेनेड' म्हणजे फेरफटका. त्याचे 'प्रॉम' हे रूप इंग्लंडात समुद्रकाठच्या सहलीच्या रस्त्यास लागले, आणि 1895 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध संगीतमैफलींसही लागले. अमेरिकेत मात्र 'प्रॉम' म्हणजे शाळेचे शिक्षण संपताना तरुण-तरुणींसाठी होणारा नृत्यसमारंभ. अलीकडे हा अर्थ इंग्लंडच्या शाळांतही शिरला आहे. 'सेमी' म्हणजे इंग्रजाचे शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेले घर, आणि अमेरिकनाचा अजस्र मालमोटारीचा गाडा. 'गॅसोलिन'ची शेपटी तोडून अमेरिकेने मोटारीतील तेलास 'गॅस' म्हटले. वायूचे नाव द्रवास मिळाले, आणि तरीही तेथे कोणाचा घोटाळा होत नाही. मराठी गृहिणीचा 'गॅस संपला' म्हणजे स्वयंपाक अडला. अमेरिकनाचा 'गॅस संपला' म्हणजे गाडी रस्त्यात अडली.

आमच्या घरचे सर्वांत बोलके उदाहरण 'मॅट्रिक' हे होय. लॅटिन 'मॅट्रिक्युला' म्हणजे नावांची नोंदवही. तीत नाव घालणे, म्हणजे विद्यापीठात प्रवेश करणे, हा 'मॅट्रिक्युलेशन'चा मूळ अर्थ. ऑक्सफर्डमध्ये आजही नव्या विद्यार्थ्यांस याच नावाच्या समारंभाने दाखल करून घेतात. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा 1859 साली झाली, आणि महादेव गोविंद रानडे हे तीत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक होते. ती परीक्षा विद्यापीठाचा उंबरठा होती. परंतु उंबरठा ओलांडून आत जाणारे थोडे, आणि तेथवर येऊन नोकरीस लागणारे पुष्कळ, अशी आपल्या समाजाची स्थिती असल्यामुळे 'मॅट्रिक' हा तुटका शब्द शिक्षणाच्या आरंभाऐवजी शेवटाचा वाचक झाला. 'मुलगा मॅट्रिक झाला' या वाक्यात केवढी कृतार्थता असे, आणि 'नॉनमॅट्रिक' या शब्दात केवढी नामुष्की! परीक्षेचे ते नाव महाराष्ट्रातून गेले, तरी शिष्यवृत्त्यांच्या सरकारी नावांत 'प्री-मॅट्रिक' आणि 'पोस्ट-मॅट्रिक' अजून नांदत आहेत. दक्षिण आफ्रिकेतही 'मॅट्रिक' म्हणजे शाळेचे शेवटचे वर्ष. ऑक्सफर्डच्या माणसास ज्या शब्दात दार उघडलेले दिसते, त्याच शब्दात आमच्या आजोबांस प्रवास पुरा झालेला दिसे. अशा शब्दाचा अर्थ कोशात पाहून कळावयाचा नाही. त्यासाठी त्या समाजाची मिळकत आणि महत्त्वाकांक्षा यांचा हिशेब ठाऊक असावा लागतो.

कधीकधी एकाच शब्दाचे दोन तुकडे दोन स्वतंत्र संसार थाटतात. 'बायसिकल' या शब्दापासूनच 'बाइक' झाला आणि 'सायकल'ही झाला. इंग्लंडात 'बाइक' म्हणजे बहुधा पायांनी चालवावयाची दुचाकी. मराठीत मात्र पाय मारावे लागतात ती सायकल, आणि पेट्रोल घालावे लागते ती बाइक. एकीवरून दुसरीवर जाणे हे आमच्याकडे संसाराच्या प्रगतीचे लक्षण समजले जाते. ऑस्ट्रेलियात आणखी एक बारकावा आहे: 'बायकर' म्हणजे मोटारसायकल चालविणारा कोणीही, पण 'बाइकी' म्हणजे मोटारसायकलवाल्यांच्या गुंड टोळीतील इसम. शेवटच्या एका स्वराच्या फरकाने सभ्य गृहस्थ पोलिसांच्या यादीत जातो.

ऑस्ट्रेलियाचा उल्लेख वारंवार येतो आहे, त्यास कारण आहे. या विद्येत त्या देशाचा हात कोणी धरणार नाही. दुपारच्या वेळेस 'आर्व्हो', कामाच्या मधल्या विश्रांतीस 'स्मोको', केराच्या गाडीवरील माणसास 'गार्बो', रुग्णवाहिकेवरील सेवकास 'ॲम्बो' अशी ओकारान्त व ईकारान्त रूपांची तेथे रेलचेल आहे. जेथे साहेबी शिष्टाचाराची कुचेष्टा होते आणि बरोबरीच्या नात्याची प्रौढी मिरविली जाते, तेथे लांब शब्दाचा डौल कोणास मानवत नाही; वैद्य असो वा झाडूवाला, सर्वांच्या नावांस एकच कात्री. यांतील 'बार्बी' या शब्दाची कथा मनोरंजक आहे. तेथे 'बार्बी' म्हणजे उघड्यावर निखाऱ्यांवर मांस-मासळी भाजण्याची शेगडी, 'बार्बेक्यू'चे लहान रूप. अमेरिकेत बार्बी म्हणजे 1959 साली बाजारात आलेली बाहुली, आणि तिचे नाव 'बार्बरा'चे लहान रूप. 1984 साली अमेरिकन प्रवाशांना ऑस्ट्रेलियाकडे ओढण्यासाठी नट पॉल होगन याची जी जाहिरात झाली, तीत तो पाहुण्यांसाठी बार्बीवर कोळंबी टाकावयास निघतो. तेथे 'बार्बी' हा शब्द अस्सल ऑस्ट्रेलियन ठेवला होता. पण कोळंबीसाठी मात्र अमेरिकनांस कळणारा 'श्रिम्प' हा शब्द घातला होता, कारण ऑस्ट्रेलियन माणूस तिला 'प्रॉन' म्हणतो. पाहुण्यास घरचा शब्द ऐकवावयाचा, पण त्याचा अर्थ लागण्यापुरता एक शब्द त्याच्या घरचा वापरावयाचा, ही युक्ती जाहिरातवाल्यांस साधली. अनुवादकाचे कामही याहून फारसे निराळे नसते. आणि ज्यांस हे सारे दूरदेशीचे कौतुक वाटत असेल, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की आमच्या लग्नसमारंभांतून हात उंचावून काढली जाणारी 'सेल्फी' हीही त्याच टांकसाळीतील आहे. तिचा सर्वांत जुना ज्ञात लेखी वापर 2002 साली ऑस्ट्रेलियात सापडतो, आणि 2013 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तिला वर्षाचा शब्द म्हणून मान दिला.

आता स्विफ्टकडे पुन्हा वळू. ज्या सप्टेंबर महिन्यात त्याने 'टॅटलर'मधून अर्ध्या शब्दांवर आसूड उगारला, त्याच महिन्यात तो डब्लिनला दोन स्त्रियांस पत्रे लिहू लागला होता. एक एस्थर जॉन्सन, जिला तो 'स्टेला' म्हणे, आणि दुसरी तिची सोबतीण रिबेका डिंग्ली. 1713 पर्यंत चाललेली ही पत्रे त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली व 'स्टेलाची रोजनिशी' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध पावली. त्यांची भाषा पाहून वाचक थक्क होतो. हा दरारा असलेला धर्माधिकारी, मंत्र्यांचा सल्लागार, तेथे लहान मुलासारखे बोबडे लिहितो. 'र'च्या जागी 'ल' घालतो. स्वतःस आणि त्या दोघींस दोन-चार अक्षरांची अशी चिमुकली नावे देतो, की त्यांची फोड करण्यात पंडितांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. म्हणजे चारचौघांत ज्याने शब्दाचे एक अक्षर गळू देण्यास नकार दिला, त्याने एकांतात अक्षराखेरीज काही शिल्लक ठेवले नाही!

यात दांभिकपणा होता असे आम्हांस वाटत नाही. स्विफ्टला अर्ध्या शब्दाचे मर्म पुरते ठाऊक होते. जिव्हाळ्याच्या माणसांत अर्धे बोलले तरी पुरे कळते, आणि पुरे बोलले तर उलट परकेपणा वाटतो, हे त्याच्या पत्रांवरून उघड आहे. त्याचा राग होता तो हा घरचा व्यवहार चव्हाट्यावर येण्याचा. लंडनच्या दिवाणखान्यांतील शौकीन मंडळी साऱ्या देशास आपले घर समजून बोलू लागली, हे त्यास रुचले नाही. या रीतीने पाहिले, म्हणजे त्याच्या तक्रारीतील सत्यांश हाती लागतो: अर्धा शब्द वाईट नव्हे, तो चुकीच्या दारी उच्चारणे वाईट.

येथे कोणी म्हणेल, की काटछाट जर जिव्हाळ्याची खूण आहे, तर तिचे इतके भय कशास? त्याचे उत्तर कडू आहे. कात्री तीच असते, पण ती धरणारा हात निरनिराळा असतो. 'ऑस्ट्रेलियन'चे 'ऑसी' झाले. ते त्या लोकांनी स्वतः मिरविले, म्हणून त्यात आपुलकी आली. त्याच देशात 'ॲबओरिजिनल' या शब्दाचे जे तुकडे गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाडले ते मूलनिवासी लोकांस शिवीसारखे झोंबतात. आमच्या वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'पाक' हे नुसते जागा वाचविण्याचे साधन आहे. त्याच देशनामापासून इंग्लंडात 'पाकी' हा शब्द झाला, आणि 1970च्या सुमारास रस्त्यात गाठून मारहाण करणाऱ्या टोळक्यांच्या तोंडी तो गव्हाळ कातडीच्या प्रत्येक माणसासाठी होता. तो माणूस लाहोरचा की ढाक्याचा की मुंबईचा, ही चौकशी कोणी करीत नव्हते. जानेवारी 2002 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भारत व पाकिस्तान यांच्यातील तणावाविषयी बोलताना हा शब्द सहजगत्या वापरला, आणि त्यांच्या कचेरीस मागाहून सारवासारव करावी लागली. जो शब्द त्यांच्या देशात फारसा परिचितही नव्हता, तो ज्यांनी त्याचे घाव सोसले होते त्यांस मुळीच हलका नव्हता.

मराठी माणसास हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. 'गणेश'चा 'गण्या' आणि 'विष्णू'चा 'विश्या' हे आपणांस कोणत्या व्याकरणाने शिकविले? आई 'गण्या' म्हणते तेव्हा त्यात दूध असते. बालमित्र म्हणतो तेव्हा त्यात धूळमातीचा वास असतो. आणि धनी आपल्या वयोवृद्ध गड्यास त्याच प्रत्ययाने हाक मारतो, तेव्हा त्यात त्या माणसाची जात, त्याची गरिबी आणि त्याला कधी 'गणपतराव' म्हणावयाचे नाही हा निर्धार, हे सारे असते. अक्षरे तीच, प्रत्यय तोच. फरक इतकाच, की पहिल्या दोघांस तो उलट तशीच हाक मारू शकतो, तिसऱ्यास मारू शकत नाही. आमच्या मते अर्ध्या शब्दाची हीच कसोटी आहे. ज्याचे नाव तोडले, त्यास तोडणाऱ्याचे नाव तोडण्याची मुभा असेल तर तो स्नेह. नसेल तर तो अपमान.

सांप्रत मराठी कुटुंबांतील मुलेमुली मेलबर्न, लंडन, न्यू जर्सी अशा नाना ठिकाणी नांदत आहेत, आणि तिकडच्या कथा-कादंबऱ्या मराठीत येत आहेत. अशा वेळी इंग्रजी ही एकच भाषा आहे आणि ती आपण शाळेत शिकलो आहोत, ही समजूत उपयोगाची नाही. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला एखाद्या कथेतील खचलेला 'व्हेट' मराठीत गुरांचा डॉक्टर होऊन अवतरला, तर लेखकाच्या साऱ्या शोकाचे प्रहसन होईल. आणि मूलनिवासी स्त्रीने आपल्या 'मॉब'विषयी जे लिहिले, ते आम्ही 'झुंड' म्हणून उतरविले, तर ज्या तिरस्कारातून तिच्या लोकांनी तो शब्द सोडवून घेतला होता, त्यातच आम्ही तो परत लोटला असे होईल. लांबलचक शब्दापाशी अनुवादक आपण होऊन थबकतो व कोश उघडतो. दगा देतो तो हा ओळखीचा वाटणारा, दीड अक्षराचा शब्द.

स्विफ्टने मागितलेले विद्वन्मंडळ इंग्रजीस कधी मिळाले नाही, आणि मिळाले असते तरी 'मॉब' त्यास आवरला नसता. त्याने तक्रार केलेल्या शब्दांपैकी 'पॉझ' नाहीसा झाला, आणि 'मॉब' तीन खंडांत तीन निरनिराळ्या घरचा होऊन बसला. यात न्याय शोधण्यात अर्थ नाही. भाषेच्या रक्षकांनी तोडलेल्या शब्दांची मोजदाद करीत बसण्यापेक्षा, तो शब्द कोणी तोडला, कोणाविषयी तोडला, आणि त्याचा गळालेला अर्धा भाग कोणाच्या घरी शिल्लक आहे, एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. तेवढ्याने भाषा शुद्ध होईल की नाही हे आम्ही सांगत नाही. पण वाचन खासच शुद्ध होईल.